आधी ‘नको’ म्हणता येऊ द्या

जुन्नर-आंबेगावात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी बोलणं निघालं, की ते बहुतेकदा बाळंतपणापासून सुरू होतं. बाळ उशिरा रडलं, दिवस भरायच्या आत झालं, कावीळ उतरेना, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. मग मान कधी धरली, आकडी कधी आली, पुण्याच्या खेपा किती झाल्या. सगळं सांगून झालं की आई म्हणते, “कळतं हो त्याला सगळं, फक्त बोलता येत नाही.” इथून पुढे घरच्या घरी काय करता येतं, ते या लेखात सांगायचं आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच झालेली इजा. ही इजा पुढे वाढत जात नाही, पण स्नायूंवरचा ताबा कमी राहतो. हात-पाय ताठ होतात किंवा आपोआप वळवळतात हे सगळ्यांना दिसतं. ओठ, जीभ, टाळू, घसा आणि श्वास हेसुद्धा स्नायूंवरच चालतात, हे मात्र लक्षात येत नाही. एक साधा ‘प’ म्हणायलाही या सगळ्यांना एकाच क्षणी जुळून यावं लागतं. म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण चार मुलांपैकी एकाला बोलता येत नाही, आणि कितीतरी मुलांचं बोलणं फक्त आईला समजतं. समज मात्र प्रत्येक मुलाची वेगवेगळी असते. सुमारे निम्म्या मुलांमध्ये बौद्धिक अडचणही असते, निम्म्यांत नसते. ज्याला बोलताही येत नाही आणि बोटही नेमकं ठेवता येत नाही, त्याची समज मोजायची तरी कशी? त्यामुळे एकच धोरण ठेवा. मुलाला कळतं असं धरून चाला. त्यात चूक झाली तर मुलाचं काही बिघडत नाही, उलट धरलं तर त्याची वर्षंच्या वर्षं जातात.

घराघरांत एक भीती असते, की बोलण्यासाठी चित्रं दाखवायची सवय लावली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. म्हणून ‘अजून थोडं थांबू, बोलेल’ असं करत पाच-सहा वर्षं निघून जातात. या भीतीला आधार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात यावरचा तोवरचा अभ्यास एकत्र तपासला होता. ज्यांच्याबद्दलचा पुरावा भक्कम होता, अशा सत्तावीस जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडं का होईना, वाढलंच होतं. कारण समजण्यासारखं आहे. आपलं म्हणणं पोचतंय हे कळलं की घशावरचा ताण उतरतो आणि आवाज काढावासा वाटतो. तेव्हा चित्रफलक आणि स्पीच थेरपी दोन्ही एकदमच चालू द्या.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली; ती आज ‘अडॅप्ट’ या नावाने चालते. मालिनी एका बोटाने टाइप करतात आणि यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवतं. त्या मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमध्ये शिकल्या, लंडनला जाऊन त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र त्याच एका बोटाने लिहिलं. त्यांना आईची साथ, शाळा आणि शहर मिळालं, हे खरं. आपल्या डोंगरातल्या आहुप्याच्या किंवा हातवीजच्या वाटेवरच्या घरात तसलं यंत्र नसेल, पण मुलाच्या अंगातली एक हालचाल हेरायची आणि सगळं बोलणं तिच्यावर उभं करायचं, ही रीत तिथेही चालते.

सुरुवात हाकेपासून करा. याचा विचार फार कमी घरांत होतो. पडवीत किंवा खाटेवर असलेल्या मुलाला माणूस बोलवायचं असेल तर ते काय करतं? रडतं, किंचाळतं, नाहीतर गप्प राहतं. मग ‘हा फार चिडका आहे’ असं ठरून जातं. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरं मळ्यात, उसाला लागून आहेत आणि बिबट्याचा वावर रोजचा आहे. अशा ठिकाणी मुलाला हाक मारता येणं हा सुरक्षेचाच प्रश्न आहे. बाजारात बिनतारी दारघंटी काही शे रुपयांत मिळते. तिचं बटण मुलाच्या ज्या अवयवावर सगळ्यात जास्त ताबा आहे तिथे ठेवा. हाताची मूठ, गुडघा, डोक्याची बाजू, काहीही चालेल. बटण लहान असेल तर वर प्लास्टिकचं मोठं झाकण चिकटवून ते रुंद करा. वीज किंवा सेल यांचा भरवसा नसेल तर मनगटाला घुंगरांचा पट्टा किंवा पायाजवळ टांगलेली बैलाच्या गळ्यातली घंटा. पहिले काही दिवस घंटा वाजली की हातातलं काम टाकून जा आणि “बोलावलंस? आले,” असं म्हणा. आपण वाजवलं की माणूस येतं, हे मुलाला एकदा पटलं की निम्मी चिडचिड तिथेच ओसरते.

त्यानंतर हो आणि नाही. घरातली सगळी माणसं बसून ठरवा, की मुलाची कोणती हालचाल त्याच्या मनाप्रमाणे, दर वेळी आणि कमी कष्टात होते. वर बघणं, जीभ बाहेर काढणं, मूठ उघडणं, ओठ दाबणं, यातलं काहीही असेल. पापण्या मिटणं शक्यतो टाळा, त्या आपोआपही मिटतात आणि घोळ होतो. ‘हो’साठी एक खूण आणि ‘नाही’साठी दुसरी, पूर्ण वेगळी खूण हवी. बऱ्याच घरांत मूल हसलं की हो आणि काहीच केलं नाही की नाही, असं धरलेलं असतं. पण काहीच न करण्याचा अर्थ दमलो, ऐकू आलं नाही, विचार करतोय, असा काहीही असू शकतो. तिसरीही एक खूण असू द्या, ‘यातलं नाही, मला दुसरंच सांगायचंय’ अशा अर्थाची. ठरलेल्या खुणा मोठ्या अक्षरात लिहून मुलाच्या जागेजवळ भिंतीला लावा, म्हणजे आत्याने, शेजारणीने, अंगणवाडीताईंनी वेगवेगळे अर्थ लावायला नकोत.

प्रश्न विचारण्याचीही एक शिस्त आहे. एका वेळी एकच प्रश्न. “भूक लागली का, का पाणी हवंय, का बाहेर जायचंय?” असं विचारलं तर ‘हो’ नेमकं कशाला, ते कळत नाही. विचारलं की थांबा, मनातल्या मनात सावकाश पंधरापर्यंत मोजा. सेरेब्रल पाल्सीत मनाने ठरवलेली हालचाल शरीरापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ती पोचायच्या आत आपण दुसरा प्रश्न विचारलेला असतो. सगळ्या सूचनांत हीच पाळायला अवघड आहे आणि हिचाच उपयोग सर्वांत जास्त आहे. आणखी एक. उत्तर आपल्याला माहीत आहे असे प्रश्न सारखे विचारू नका. “ही गाय आहे का? हा कुत्रा आहे का?” अशी परीक्षा पाहुण्यांसमोर रोज दिली की मूल उत्तरं द्यायचं बंद करतं. खरी निवड असलेलं विचारा: आज निळा शर्ट घालायचा का, आजीजवळ झोपायचं का, टीव्ही बंद करू का.

आणि ‘नाही’ आलं तर ते माना. हे मला सगळ्यांत जिव्हाळ्याने सांगायचं आहे. ज्या मुलाला दुसरं कोणीतरी भरवतं, न्हाऊ घालतं, उचलून ठेवतं, त्याच्या दिवसात स्वतःच्या मनाने होणारी गोष्ट एखादीच असते. म्हणून शिकवायचा पहिला शब्द ‘पाणी’ किंवा ‘आई’ असावा असं मला वाटत नाही. पहिला शब्द ‘नको’ असावा. मुलाने घासाला ‘नको’ म्हटलं तर घास मागे घ्या. औषधासारखी टाळता न येणारी गोष्ट असेल तर “नको म्हणतेस, कळलं मला, पण हे घ्यावंच लागेल, आधी पाणी पिऊ का?” असं म्हणा. नकार ऐकला गेला एवढं तरी मुलापर्यंत पोचू द्या. ‘नको’ला किंमत नसेल तर ‘हो’लाही अर्थ उरत नाही.

फलक हातात घेण्याआधी बसण्याकडे बघा. घसरत असलेलं मूल सगळी ताकद न पडण्यात घालवतं. कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, पाय लोंबते न ठेवता पाटावर किंवा विटेवर टेकलेले, मान मधोमध. खास खुर्ची नसेल तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावता येतात. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. काही मुलांमध्ये मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात आपोआप ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. अशा मुलाला उजवीकडचं चित्र दाखवून ‘हात लाव’ म्हणणं हा अन्याय आहे. त्याच्यासाठी चित्रं समोर, मधोमध ठेवा, किंवा हाताऐवजी डोळ्यांचा उपयोग करा. काही मुलांचं अंग प्रयत्न केला की जास्तच वळवळतं. त्यांना ‘जोर लाव, जोर लाव’ असं अजिबात म्हणू नका.

हे सगळं करताना ऐकणं आणि दिसणं तपासून घ्या. जन्मानंतरची कावीळ फार वाढलेली असेल तर ऐकण्यावर परिणाम झालेला असू शकतो. बेरा ही ऐकण्याची तपासणी मूल झोपलेलं असतानाही होते, त्याने हात वर करायची गरज नसते. काही मुलांचे डोळे ठीक असूनही मेंदूला चित्राचा अर्थ लावायला जड जातं. त्यांना गर्दीचं चित्र न देता काळ्या कापडावर एकच पिवळी वस्तू दाखवावी लागते.

डोळ्यांनी निवडणं असं शिकवा. दोन खऱ्या वस्तू घ्या, पेला आणि चेंडू. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खांद्याएवढ्या अंतरावर धरा. आधी एक, मग दुसरी, मग परत तुमच्याकडे, असं त्याला बघू द्या. ज्या वस्तूवर नजर थांबली ती लगेच हातात द्या. जमलं की वस्तूंच्या जागी फोटो, दोनाचे चार. चार झाले की पारदर्शक पाटी करता येते. फोटोच्या चौकटीतलं अॅक्रिलिक (काच नको) किंवा लाकडी चौकटीवर ताणलेलं जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा, मध्ये तळहाताएवढं भोक ठेवा. तुम्ही पाटीच्या पलीकडे बसून भोकातून मुलाचे डोळे बघायचे. नजर कुठल्या कोपऱ्यात गेली हे आरपार दिसतं. याला ना वीज लागते, ना रेंज.

नजरही नीट स्थिरावत नसेल तर वाचून दाखवायची रीत आहे. तुम्ही पर्याय ओळीने म्हणता, “जेवण... खेळ... बाहेर... दुखतंय... दुसरं काहीतरी,” आणि हवा तो आला की मूल ‘हो’ची खूण करतं. क्रम रोज तोच ठेवा. पुढे काय येणार हे माहीत असलं तर शरीराला तयारीला वेळ मिळतो. नीट न दिसणाऱ्या मुलालाही हे जमतं.

चित्रफलकाची खरी मेहनत शब्द निवडण्यात आहे. छापील तक्ते घेऊन येणारे असतात. त्यांत सफरचंद, आइस्क्रीम, झेब्रा, विमान असतं आणि मुलाच्या घरातलं काही नसतं. दुसरी गफलत म्हणजे सगळा तक्ता गरजांचा: पाणी, जेवण, शू, झोप. एवढ्यावर दिवस निघतो, पण गप्पा होत नाहीत. समजा, मंचरजवळच्या गावातल्या सात वर्षांच्या मुलाच्या काकांची बैलजोडी यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत पळाली. अख्खं घर महिनाभर त्याच बारीबद्दल बोलतं आहे. त्याच्या फलकावर बैलगाडा नाही, घाट नाही, काका नाहीत, ‘जिंकलो’ नाही, ‘हरलो’ नाही. मग तो त्या गप्पांत शिरणार कसा? फलकावर माणसं घरातली हवीत, त्यांच्या फोटोसकट: आजी, अप्पा, मामा, शेजारची मैत्रीण. जागा आपल्या हव्यात: मळा, गोठा, देऊळ, शाळा, आठवडे बाजार. भंडारा हवा, मासवडी हवी, टोमॅटोची गाडी हवी, आवडती गोधडी हवी. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूला, हिरड्याच्या दिवसांत आई-बाबा दिवसभर रानात असतात. तिथल्या फलकावर हिरडा हवाच. ज्या घरात ठाकरी किंवा डोंगरातली दुसरी बोली चालते, तिथे चित्राला त्याच बोलीतला शब्द द्या. पुस्तकी शब्द शाळेत शिकता येतील.

या नावांइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचे आहेत कुठेही चालणारे छोटे शब्द: नको, अजून, पुरे, मदत, मी, तू, माझं, ये, जा, कुठे, का, कोण, दुखतंय, आवडलं, चुकलं, थांब, परत, दुसरं काहीतरी. एका ‘परत’ने गोष्ट परत सांग, झोका परत दे, मामा परत कधी येणार, हे तिन्ही साधतं. सुरुवातीला बारा घरांचा फलक पुरे, मुठीने दाखवणाऱ्या मुलासाठी त्याहून कमी आणि मोठ्या घरांचा. माणसं डावीकडे, वस्तू आणि जागा मध्ये, क्रियापदं उजवीकडे, कारण आपलं वाक्य ‘मी-मळ्यात-जा’ असंच सरकतं. ‘जायचंय’ का ‘जातो’, याची दुरुस्ती करत बसू नका. मोठ्याने “अच्छा, मळ्यात जायचंय तुला” असं पूर्ण म्हणा, म्हणजे व्याकरण कानावर पडत राहील. शब्दाची जागा एकदा ठरली की बदलू नका. नवे शब्द रिकाम्या घरांत घाला, जुने हलवू नका. हाताला जागेची सवय होते. चित्राच्या वर शब्द मोठ्या अक्षरात लिहा. लाळ आणि पाऊस दोन्ही धरून फलक झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणा, आणि दोन प्रती करा, एक घरी व एक शाळेच्या पिशवीत.

घडून गेलेलं सांगण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पारदर्शक खिशांची एक वही करा आणि बाहेरून येताना तिथलं काहीतरी आणा: एसटीचं तिकीट, लेण्याद्रीच्या पायथ्याशी उचललेलं पान, वाढदिवसाच्या चॉकलेटचा कागद. संध्याकाळी मूल तो खिसा दाखवतं आणि आजोबा विचारतात, “अरे, कुठे गेला होतास?” इथे विषय मुलाने काढलेला असतो.

आता फलक भिंतीवर लटकून राहायचं मुख्य कारण. आपण तो मुलासमोर धरतो आणि म्हणतो, “दाखव.” मुलाने तो कधी वापरताना पाहिलेलाच नसतो. तान्हं बाळ वर्षभर आपलं बोलणं ऐकतं, तेव्हा कुठे एक शब्द काढतं. फलकाच्या भाषेलाही तेवढाच काळ द्यायला हवा. म्हणून आधी मोठ्यांनी बोलताना फलकावर बोट ठेवायचं. “मी (बोट) आता मळ्यात (बोट) जाते (बोट). तू आजीजवळ (बोट) थांब (बोट).” प्रत्येक शब्दाला बोट लावायची गरज नाही, वाक्यात एक-दोन पुरे. मुलाकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता असं काही महिने चालू द्या. भाऊ-बहिणी हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण ते फलकावरून भांडतातसुद्धा. मुलाचं बोट, मूठ किंवा नजर भलत्याच चित्रावर पडली तरी ते मुद्दामच केलं असं धरून प्रतिसाद द्या. चुकून ‘बाहेर’ दाखवलं तर बाहेर न्या. त्या चित्राचा अर्थ असाच पक्का होतो.

अक्षरओळख असलेल्या किंवा शिकत असलेल्या मुलासाठी आपली वर्णमाला फार सोयीची आहे. क, च, ट, त, प या पाच वर्गांच्या पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं, खाली य ते ज्ञ, बाजूला स्वर आणि मात्रा. तुम्ही ओळी म्हणत जायचं: पहिली, दुसरी, तिसरी... मुलाने खूण केली की त्या ओळीतली अक्षरं. ‘पाणी’ हवं असेल तर पाचवी ओळ, पहिलं अक्षर, मग आ, मग तिसरी ओळ, पाचवं अक्षर, मग ई. मूल थकलं असेल तर मात्रा सोडा, ‘प-ण’वरून अंदाज करा आणि “पाणी का?” असं विचारून ‘हो’ मिळवा. ऱ्हस्व-दीर्घ इथे बघूच नका. चित्रांनी आपण दिलेलेच शब्द बोलता येतात, अक्षरांनी आपण कधी न दिलेला शब्दही बोलता येतो. म्हणून बोलू न शकणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं पुढे ढकलू नका. इतर मुलांपेक्षा त्याला त्याची जास्त गरज आहे.

मोबाइल किंवा टॅबलेट असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अॅप फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हे अॅपही भारतात वापरलं जातं. अॅपचा फायदा असा की फलक बोलतो, आणि पाठ फिरवून चुलीजवळ बसलेल्या आईलाही ऐकू जातं. आवाज नोंदवायची सोय असेल तर मुलीच्या फलकाला तिच्याच वयाच्या मुलीचा आवाज द्या; आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून काकांचा आवाज यावा हे तिला आवडणार नाही. मात्र कागदी फलक बंद करू नका. चार्जिंग संपतं, पडदा फुटतो, धाकटा भाऊ त्यावर गेम खेळत बसतो. महागडं यंत्र कोणी विकायला आलं तर आधी वाचा-उपचारतज्ज्ञाला विचारा.

एका गोष्टीपासून दूर राहा. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरांवर फिरवायचा आणि तो बोलला असं म्हणायचं, ही पद्धत काही ठिकाणी दाखवली जाते. तपासण्यांत असं आढळलं आहे की त्यात शब्द धरणाऱ्याचे असतात, आणि धरणाऱ्याला स्वतःला ते कळतही नाही. बसण्याला आधार द्या, फलक स्थिर धरा, पण निवड मुलाची राहू द्या. ती हळू झाली तरी चालेल.

घरच्यांना मुलाच्या खुणा न सांगता कळतात, ही मायेची गोष्ट आहे. पण आई दवाखान्यात असेल, गाव बदललं, शिक्षक नवे आले, तर? आपल्या भागात उसाच्या हंगामात बाहेरून आलेली ऊसतोड कुटुंबं कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांत, राहतात. त्यांच्यातही अशी मुलं असतात आणि चार-सहा महिन्यांत सगळी आजूबाजूची माणसं बदलतात. अशा प्रत्येक मुलाजवळ एक पान असावं, त्याच्याच तोंडी लिहिलेलं: “मला ऐकू येतं आणि कळतं, माझ्याशी बोला. मी वर बघितलं की हो. ओठ दाबले की नाही. उत्तराला वेळ लागतो, थांबा. माझा फलक हिरव्या पिशवीत आहे. पोटात दुखलं की मी डावीकडे वळून रडते.” ते लॅमिनेट करून खुर्चीला किंवा पिशवीला बांधा.

आणि फलकावर शरीराच्या सगळ्या अवयवांचे शब्द ठेवा, गुप्त अवयवांचेही, घरात जे म्हणतात तेच. ‘हात लावू नको’, ‘मला भीती वाटते’, ‘कोणीतरी मारलं’, ‘मला एकट्यात सांगायचंय’ हेही. पालकांना हे शब्द नकोसे वाटतात. पण सांगता येत नाही हे ओळखूनच अशा मुलांवर अत्याचार होतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात, २०१२ सालीच, अशी तरतूद आहे की अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्याची मदत घेता येते. फलकावर शब्दच नसेल तर ती तरतूद कामी येणार नाही.

अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाला नेलं की गुरुजी-बाईंना दोनच गोष्टी आधी सांगा: हो-नाहीच्या खुणा, आणि थांबायची गरज. हजेरीला ‘हजर’ म्हणायची सोय पहिल्याच दिवशी करा, घंटा असो वा वर बघणं असो, म्हणजे वर्गाला कळतं की हा उत्तर देतो. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश आहे, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. फलक शाळेत आणू नका असं कोणी म्हटलं तर हे दाखवता येतं. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत करा.

कागदपत्रांत यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र आधी काढा, बाकीचं त्यावरून पुढे जातं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीचाही भाग आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बसायच्या खुर्चीसाठी किंवा टॅबलेटसाठी लेखी अर्ज देऊन ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. लहान बाळ असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्या दिवशी मूल आवर्जून दाखवा. तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

वाचा-उपचारतज्ज्ञाची भेट पुण्यात किंवा मुंबईत मिळाली तर प्रवासाने दमलेलं मूल तिथे बहुधा काहीच करून दाखवत नाही. म्हणून मोबाइलवर घरचे छोटे व्हिडिओ नेत जा: मूल हसताना, नकार देताना, जेवताना, भावाशी खेळताना. सोबत ठरलेल्या खुणांची यादी, सध्याचा फलक, बेरा आणि डोळ्यांचे रिपोर्ट, आकडीची औषधं. आणि तज्ज्ञांना हे तीन प्रश्न विचारा: कोणत्या हालचालीवर भर द्यायचा, फलकावर पुढचे दहा शब्द कोणते घ्यायचे, आणि पुढच्या खेपेपर्यंत घरातल्या कोणी रोज काय करायचं. उत्तरं लिहून घ्या आणि फोनवर दाखवता येईल का तेही तिथेच विचारून या, म्हणजे दर वेळी मुलाला घेऊन पुणे-नाशिक रस्ता गाठावा लागणार नाही.